माझ्या न आलेल्या कांजिण्या

मला आयुष्यात एकदाही कांजिण्या आलेल्या नाहीत. तरीही त्यांच्यापायी मी नऊ दिवस अंथरुणाला खिळून होतो, दाढी वाढवली होती आणि तीन वेळा हळदीच्या पाण्याने न्हालो होतो.

तेव्हा आम्ही चेन्नईत नवे होतो. मी ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, वृषाली शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि आमचं घर दोघांच्या मध्ये, मेडवाक्कमला. घर कसलं, वरदराजन सारांच्या बंगलीचा वरचा मजला! खाली सार आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मामी, वर आम्ही. बाहेरून जिना, गच्चीवर वारा, आणि खिडकीत हात बाहेर काढला की सोनचाफा हाताला लागायचा.

सार रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोकांचे रजेचे अर्ज मंजूर करणं (खरं म्हणजे नामंजूर करणं) हे त्यांचं काम. घरी बसल्यावर नामंजूर करायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी भाडेकरू ठेवले असावेत. मामी मात्र साध्या, हसऱ्या. त्यांचे वडीलही रेल्वेत होते आणि गावोगाव बदल्या व्हायच्या, त्यामुळे मामींना मोडकंतोडकं हिंदी यायचं. आमचा सगळा व्यवहार मामींशी हिंदीत, सारांशी इंग्रजीत आणि त्या दोघांबद्दल त्यांच्यासमोरच मराठीत चालायचा.

"आला बघ जेलर," असं मी मामींच्या देखत खुशाल म्हणायचो. मामी गोड हसायच्या.

जेलर म्हणायला कारण होतं. सारांकडे आमच्या दाराची दुसरी किल्ली होती आणि ती वापरायची त्यांना फार आवड होती. नळ गळतोय का, पंखा उगाच चालू आहे का, भिंतीला खिळा ठोकलाय का, हे पाहायला ते कधीही यायचे. एकदा मी आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आलो, तर हॉलमध्ये सार, प्लंबर आणि प्लंबरची शिडी!

"कंटिन्यू, कंटिन्यू," सार शांतपणे म्हणाले. टॉवेलवर माणूस काय कंटिन्यू करणार?

त्याच रविवारी मी बाजारातून एक पितळी कडी आणली आणि दाराला आतून ठोकली. सोमवारी किल्ली फिरली, दार हललं नाही. पुन्हा फिरली. मी कडी काढून दार उघडलं तेव्हा सार दाराकडे नाही, कडीकडे बघत होते.

"माय डोअर," ते म्हणाले, "युवर बोल्ट?"

आठवड्याच्या आत निरोप आला. त्यांच्या बहिणीचा मुलगा बंगळूरहून बदलून येतोय, महिनाअखेर घर रिकामं करा.

मी खूप तावातावाने बोललो, "छप्पन्न घरं मिळतील!" वगैरे. आम्ही अकरा पाहिली. कुणाला मांसाहारी नको, कुणाला लहान मूल नको, कुणाला नॉर्थ इंडियन नको. (सांगली चेन्नईच्या उत्तरेला आहे, हे मला नाकारता येईना!) आणि वृषालीला सातवा महिना लागलेला. दवाखाना इथून दोन गल्ल्यांवर, तिचं ऑफिस वीस मिनिटांवर. एके दिवशी ती भांडी भरलेल्या खोक्यावर टेकली आणि म्हणाली, "बाळाला मी याच घरात आणणार होते रे." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कारण त्या कडीचा स्क्रू पिळणारा हात माझा होता आणि तो कुठे लपवावा ते मला कळेना.

त्यात घर बघायला माणसं येऊ लागली. न सांगता, सारांच्या मागोमाग. कुणी फ्रीज उघडायचं, कुणी वृषालीला कितवा महिना विचारायचं, एका आजोबांनी तर आमच्या पलंगावर बसून स्प्रिंग तपासल्या.

अशात गुढीपाडवा आला. त्याच दिवशी तेलुगू लोकांचा उगादी असल्यामुळे कारखान्याला सुट्टी होती. घर जाणार तर जाऊ दे, पण या घरातली पहिली आणि शेवटची गुढी दणक्यात उभारायची असं मी ठरवलं. सांगलीहून आईने कुरियरने साखरेची गाठी पाठवली होती. काठी जळमटं काढायची. साडी वृषालीची, पिवळीधमक. वर तांब्या पालथा. आंब्याची पानं बाजारात उगादीवाल्यांनी आधीच पळवलेली, म्हणून कोपऱ्यावरच्या कडुलिंबाची अख्खी फांदीच मी तोडून आणली. गुढीला लिंब, तोरणाला लिंब, उरला तो जिन्याच्या कठड्याला लिंब! मार्च महिना, चेन्नईचा उकाडा, अंगभर लालभडक घामोळं आलेलं. मी उघडाबंब, सोवळं नेसून, हातात उदबत्ती घेऊन गुढीसमोर उभा राहिलो.

आणि जिन्यावर पावलं वाजली. सार, त्यांच्या भगिनी आणि तो बंगळूरचा भाचा घर बघायला येत होते.

भगिनी पुढे होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सातव्या पायरीवर त्या थिजल्या. "अय्यय्यो!" असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर पटापटा चापट्या मारून घेतल्या. भाच्यानेही मारल्या. मग दोघं माझ्याकडे पाठ न फिरवता, एकेक पायरी उलट उतरत अंगणात गेले, आणि तिथून त्यांची रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

सार खालच्या पायरीवर होते. "फ्रॉम व्हेन?" त्यांनी विचारलं.

"फ्रॉम मॉर्निंग, सार!"

"टेंपरेचर?"

"व्हेरी हाय, सार." मला वाटलं, हवेबद्दल विचारतायत.

सारांनी माझ्या छातीवरचं घामोळं नीट न्याहाळलं आणि ते गंभीर होऊन निघून गेले. पाच मिनिटांत मामी आल्या. त्यांनी गुढीकडे पाहिलं. मग वृषालीच्या पोटाकडे पाहिलं. मग पुन्हा गुढीकडे, जरा जास्तच वेळ. आणि मग त्यांनी मला हिंदीत समजावलं. दाराला कडुलिंब बांधला, की त्या घरात अम्मै आली, म्हणजे कांजिण्या. त्या म्हणजे साक्षात अम्मन देवी. पिवळं वस्त्र तिचं, कलश तिचा, लिंब तिचा.

"अम्मा खुद घर में आई है," मामी म्हणाल्या. "जब तक हल्दी का तीन पानी नहीं होता, कोई घर खाली नहीं करवाता. पाप लगता है."

"नही मामी, ये तो हमारा..." मी तोंड उघडलं. तेवढ्यात वृषालीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की वाक्यातला 'पाडवा' तोंडातच राहिला.

"ये तो हमारा नसीब है," मी वाक्य पुरं केलं.

गरोदर मुलीने इथे राहायचं नाही, असा निर्णय मामींनी लगेच दिला. वृषाली त्यांच्याबरोबर खाली राहील. सातव्या महिन्यातली बाई इतक्या चपळाईने बॅग भरू शकते हे मी प्रथमच पाहिलं. आजारी माणसाला आंबट चालत नाही म्हणून श्रीखंडही खाली गेलं. अम्मा असलेल्या घरात तळण चालत नाही म्हणून पुऱ्या गेल्या. मी सोवळ्यात तसाच उभा, आणि पाडव्याला माझ्या ताटात बिनफोडणीची, बिनताकाची नाचणीची आंबील!

मग नऊ दिवस माझं जे झालं ते शत्रूचंही होऊ नये. अंथरुणावर लिंबाचा पाला, उशाला लिंबाचा पाला. दाढी नाही, कंगवा नाही. बाहेर दिसलो तर सोंग फुटणार, म्हणून बारशासाठी जपून ठेवलेली रजा मला इथे खर्च करावी लागली. शेजारपाजारचे पायरीवर शहाळी ठेवून, गालांवर चापट्या मारून, पळून जायचे. खालून फिल्टर कॉफीचा वास यायचा, वड्यांचा वास यायचा आणि वृषाली आणि मामी खिदळल्याचा आवाज यायचा. ही बाई माझ्यावाचून इतकी कशाला हसतेय, असं मला दर दुपारी वाटायचं.

आणि सार! रोज सकाळी बरोबर सात वाजता ते सातव्या पायरीवर खुर्ची टाकून बसत. "पेशंट मस्ट नॉट स्ट्रेन आईज," असं म्हणून ते मला इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून दाखवत. अग्रलेख, हवामान, वधूवर पाहिजेत, निविदा सूचना. पाऊण तास! एकदा रस्तेदुरुस्तीची एक निविदा त्यांनी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा मला डुलकी लागली होती.

नवल म्हणजे या नऊ दिवसांत दारात किल्ली एकदाही फिरली नाही. ज्या एकांतासाठी मी कडी ठोकली, तो मला आता पोटभर मिळाला होता. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागलो, आणि पाचव्या दिवशी चक्क त्या किल्लीच्या आवाजाची वाट बघत होतो.

नवव्या दिवशी तिसरं पाणी झालं. मामींनी गच्चीवर हळद आणि लिंब घातलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. मग गुडघे धरत धरत सार स्वतः वर आले. हातात अम्मनच्या देवळातला अंगारा. तो त्यांनी माझ्या कपाळाला लावला.

"सिस्टर सन टुक अनदर हाऊस," ते म्हणाले. "अम्मा केम हिअर. हाऊ कॅन आय सेंड यू?" मग हॉलमध्ये शिरून त्यांनी छताला असलेल्या लोखंडी कड्याकडे बोट केलं. "फॉर क्रेडल. माय सन ऑल्सो स्लेप्ट देअर. आय विल ऑइल इट."

मला भडभडून आलं. या माणसाला मी जेलर म्हणत होतो! घर तर राहिलं होतं, पण खोटं पचेना. सारांना सांगायची छाती नव्हती, म्हणून मी तडक खाली मामींकडे गेलो आणि हात जोडून माझ्या फाटक्या हिंदीत सगळं ओकलो. कांजिण्या नाहीत, घामोळं आहे, अम्मा नाही, गुढी आहे, हवं तर उद्या घर सोडतो.

मामी डोसा उलटत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अरे, गुढी मला कळत नाही होय?"

मराठीत! खणखणीत, सोलापुरी!

"सोलापूरला रेल्वे लाईनीत चौथीपर्यंत शिकलेय मी. लिंबाच्या खाली हाताएवढी साखरेची गाठी लोंबत होती की रे! अम्माला कोण साखरेची गाठी घालतंय? पण पोटुशी पोर घरातून घालवायची म्हणजे काय? आमचे हे हट्टाला पेटलेले. तू काय कमी आहेस? मग म्हटलं, आली अम्मा तर येऊ दे."

मी वृषालीकडे पाहिलं. ती वडा खात होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं मामींनी."

"मग मला का नाही सांगितलंस? नऊ दिवस आंबील प्यालो मी!"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं रे. सारांनी लगेच ओळखलं असतं."

"आणि जेलर म्हणतोस ते," मामींनी डोसा माझ्या ताटात टाकला, "त्यांना अजून सांगितलेलं नाही मी."

आमची मुलगी त्याच घरात आली. बारशाला पाळणा त्याच कड्याला टांगला, आणि तेल घातल्यामुळे तो अजिबात कुरकुरला नाही. त्या आनंदात मला राहवलं नाही. मी सारांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिलो.

सारांनी चष्मा पुसला. "थर्टी फाइव्ह इयर्स," ते म्हणाले, "आय हॅव सीन सिक लीव्ह. रिअल सिक लीव्ह, फॉल्स सिक लीव्ह. यू थिंक आय डोंट नो प्रिक्ली हीट?"

"मग... यू न्यू, सार?"

"आय ऑल्सो नीडेड रीझन फॉर माय सिस्टर. वर्ड गिव्हन. हाऊ टू टेक बॅक?"

"पण मग रोज तो पेपर? पाऊण पाऊण तास? ती निविदा?"

सारांनी चष्मा नाकावर चढवला आणि पाळण्याला हलकेच झोका दिला.

"दॅट," ते म्हणाले, "वॉज फॉर द बोल्ट."

त्या घरात आम्ही आणखी पाच वर्षं राहिलो. कडी मी बारशाच्या दुसऱ्याच दिवशी काढली होती. आता तांबरमला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे. दाराला आतून तीन कड्या आहेत आणि न सांगता कुणी म्हणजे कुणी येत नाही. कधी जिन्यात कुणाच्या किल्ल्या वाजल्या की मी उगाच पंखा बंद करतो. पाडव्याला मात्र आम्ही तिघं मेडवाक्कमला जातो. गुढी मामी उभारतात, श्रीखंड मला वाढतात, आणि सार न चुकता विचारतात, "फ्रॉम व्हेन?" मग सगळे पोट धरून हसतात.

मीही हसतो. हसणं भागच आहे. मामींना ठाऊक होतं, वृषालीला ठाऊक होतं, सारांना ठाऊक होतं. त्या घरात माझ्या कांजिण्यांवर मनापासून विश्वास ठेवणारा माणूस एकच होता. सहाव्या दिवशी त्याला खाज सुटली, आणि सातव्या दिवशी त्याने गुपचूप डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं, डाग राहतील का?