मठ्ठ्याची बादली

माझा चुलत भाऊ माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान. तो पूर्ण दिवस भरून जन्मला, मी मात्र घाई केली आणि डावा पाय आखडून घेऊन आलो. सौम्य सेरेब्रल पाल्सी, असं बेळगावच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं. मग दर शनिवारी आई मला येळ्ळूरहून बसनं तिकडं व्यायामाला न्यायची. आधी टाच टेकव, मग चवडा, आणि पाय उचलायच्या आधी त्याला मनातल्या मनात सांग, असं तिथल्या बाई शिकवायच्या. मी सांगायचो. दहा वेळा सांगितलं की पाय दोनदा ऐकायचा. भावाला कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी तो गच्चीच्या कठड्यावरून पळायचा. मी त्याच्यावर मनापासून जळायचो.

काकांच्या नव्या घराची वास्तुशांती झाली तेव्हा आम्ही चौदा वर्षांचे होतो. आमच्याकडं पंगतीत वाढायला बादली हातात आली की पोरगा मोठा झाला असं धरतात. त्यासाठी महिनाभर मी परसात पाण्याची बादली घेऊन फेऱ्या मारल्या होत्या. शेवटी शेवटी पाणी फारसं सांडत नव्हतं. त्या दिवशी काकांनी भावाला मठ्ठ्याची बादली दिली आणि मला मिठाची वाटी. मीठ वाढून झाल्यावर, दमलास म्हणून, मला पंगतीच्या टोकाला बसवलं.

भाऊ वाढत वाढत माझ्याकडं येत होता, मोठ्या ऐटीत. मी पायाला सांगितलं, आता. पाय बरोबर त्या क्षणी, बरोबर तेवढाच पुढं सरकला. इतका शहाण्यासारखा तो कधीच वागला नव्हता. भाऊ तोंडावर आपटला आणि मठ्ठा चार पत्रावळ्यांवरून वाहत गेला.

काकांनी धावत येऊन त्याच्या कानाखाली वाजवली. "म्होरं बघून चालाय येत न्हाय?"

मी म्हणालो, "मी मुद्दाम पाय घातला."

काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "उगं ऱ्हा रं लेकरा. तुझा पाय तुझ्या हातात हाय व्हय?"

बायका हळहळल्या. मी पुन्हा सांगितलं, पण कुणी ऐकून घेईना. फक्त भाऊ गाल चोळत माझ्याकडं बघत होता. त्याला पटलं होतं. तोवर मला कधीच कुणी मारलं नव्हतं. एक थप्पड काय ती माझ्या हक्काची होती, तीही त्यालाच मिळाली.