तुर्कस्तानच्या समुद्रावर ठेवलेला भात

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. नोकरीतली बाकीची प्रकरणं मिटली की मी ती मागे टाकत असे. हे प्रकरण मिटलं, फाईल बंद झाली, तरी मला ते नीटसं उमगलेलं नाही. म्हणूनच लिहायला बसलो आहे. नावं कोणाचीच देणार नाही.

मी मूळचा वसईचा ख्रिस्ती. तरुणपणी सिडनीला आलो, पोलिसात शिरलो आणि डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. सिडनीचं पेंडल हिल हे उपनगर आमच्या हद्दीत येत असे. तिथे रेल्वे स्टेशनालगत भारतीय दुकानं आणि आजूबाजूला आपल्या लोकांची घरं, त्यामुळे कुठलंही ‘इंडियन मॅटर’ आपोआप माझ्या टेबलावर यायचं. मला पंजाबी येत नाही, तमिळ येत नाही, हे सांगून सांगून मी थकलो होतो.

त्या सकाळी मात्र खरोखरच मराठी माणूस समोर बसला होता. चाळिशीचा, कामावर जायच्या कपड्यांत, डोळे तांबारलेले. आई हरवल्याची तक्रार होती. आई सत्तरीला टेकलेली, वडील जाऊन काही महिनेच झालेले. तिने मुलाला सांगितलं होतं, कालगुर्लीला लेकीकडे जाते. कालगुर्ली पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, ही लेक तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. लेकीला सांगितलं होतं, यंदा काही येत नाही, सिडनीलाच बरी आहे. बहीणभाऊ फोनवर बोलले तेव्हा कळलं की आई दोघांकडेही नाही. तिचा फोन बंद होता आणि ड्रॉवरमधला पासपोर्ट नाहीसा झाला होता.

“ती दोन स्टेशनांवरच्या वेस्टमीडपर्यंतसुद्धा एकटी ट्रेनने जात नाही,” मुलगा म्हणाला. “आधी बाबा न्यायचे, नंतर मी. She just doesn't go anywhere, sir.”

तक्रार नोंदवून घेतली, फोटो घेतला, विमानतळाकडे चौकशी पाठवली आणि आम्ही दुकानं धरली. आपल्या माणसाबद्दल घरच्यांना ठाऊक नसतं ते वाण्याला ठाऊक असतं, हा माझा जुना अनुभव. तो खरा ठरला. एका दुकानदाराने मला बाजूला घेतलं.

“काकूंनी तांदूळ आणि काळे तीळ घेतले. बाहेर एका म्हाताऱ्याची निळी गाडी होती, तिच्यात बॅग टाकून बसल्या. मी बोललो नसतो, पण तो माणूस सारखा इकडेतिकडे बघत होता.”

निळी गाडी शोधायला वेळ लागला नाही. ती काकूंच्या नवऱ्याच्या मित्राची निघाली. दोघे मित्र बरीच वर्षं संध्याकाळी एकत्र फिरायला जात. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही तेच म्हणतो. भाऊंना पोलीस स्टेशनवर बोलावलं. समोर चहा ठेवला, तो त्यांनी शिवला नाही.

“एअरपोर्टला सोडलं. वहिनी परत येतील. पुढचं सांगणार नाही, शब्द दिलाय.”

चौकशीत माझं एक ठरलेलं हत्यार होतं, गप्प बसणं. समोरच्याला शांतता सोसवत नाही आणि तो बोलू लागतो. भाऊ गप्प बसण्यात माझ्यापेक्षा सरस निघाले. खोटं बोलणारा माणूस भरपूर तपशील देतो. हे गृहस्थ एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यामुळे मला वाटत होतं की हे खरं बोलताहेत, पण कशाबद्दल, ते कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात विमानतळाकडून उत्तर आलं. काकू इस्तंबूलला गेल्या होत्या. एकट्या.

माझी सहकारी डिटेक्टिव्ह, हुशार पोरगी, खुर्ची फिरवून म्हणाली, “Romance scam, mate. एकटी विधवा, ऑनलाइन ओळख, मुलांना थापा. Textbook.”

अशी प्रकरणं मी पाहिली होती आणि त्यांचा शेवटही पाहिला होता. वेस्टमीडला एकटी न जाणारी बाई इस्तंबूलला कोणासाठी गेली असेल, याला दुसरं उत्तर मला सुचत नव्हतं. पण कुठला फसवणारा माणूस येताना तांदूळ आणि तीळ आणायला सांगतो, हेही सुचत नव्हतं.

मी पुन्हा भाऊंसमोर बसलो आणि सरळच विचारलं, “तिथे कोणी त्यांना बोलावलंय का? कोणी लुबाडलं, काही बरंवाईट झालं, तर तुमचा शब्द काय कामाचा?”

भाऊ दचकले. ही शक्यता त्यांच्या मनात आलीच नव्हती. त्यांनी फोन काढून माझ्यापुढे सरकवला.

फोनमध्ये काकूंनी पाठवलेले फोटो होते. एका उभ्या कड्यात कोरलेल्या प्राचीन कबरी, त्यांना देवळासारखे खांब. बोट आणि निळीशार बेटं. डोंगरउतारावरचं एक दगडी गाव, एकाही घराला छप्पर नाही. आणि प्रत्येक फोटोत पुढे, भिंतीवर नाहीतर खडकावर, भाताचा एक गोळा ठेवलेला.

“Is that a scone?” सहकारी म्हणाली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मराठी, म्हणजे मला कळणार. मी म्हणालो, नैवेद्य असेल. पण कबरीपुढे नैवेद्य कोण ठेवतं आणि त्याचा फोटो कोण काढतं?

शेवटी भाऊच बोलले.

“माझा मित्र अंथरुणाला खिळला तेव्हा रोज त्या एकाच गावाचे व्हिडिओ बघायचा. ओलुडेनिझ, तुर्कस्तानातलं. तिथे जायचं, हे बघायचं, ते बघायचं. मग तो गेला. दहाव्याला नदीकाठच्या पार्कात पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. इथले पांढरे, लांब चोचीचे आयबिस पक्षी मात्र घोळक्याने आले, गुरुजी त्यांना पंच्याने हाकलत होते. पार्किंग दोन तासांचं. मुलाने घाई केली, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळे घरी.”

“मग?”

“मग काय? वहिनींना ते पटलं नाही. कावळा शिवला नाही म्हणजे माणसाची इच्छा राहिली. ती पुरी करायला गेल्यात. मुलांनी सोडलं असतं का?”

कावळा आणि पिंड मला ऐकून माहीत होतं. पण आमच्याकडे माणूस गेला की चर्चमध्ये मिस्सा असते, पाखराची परवानगी लागत नाही. सहकारीला हे इंग्रजीत सांगताना माझ्याच लक्षात आलं की माझाही त्यावर धड विश्वास नाही आणि धड अविश्वासही नाही.

भाऊंच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. काकूंनी उचलला. मागे समुद्र होता आणि आकाशातून रंगीत पॅराशूट सावकाश उतरत होती. मी ओळख दिली, खात्रीसाठी विचारायचे ते प्रश्न विचारले. त्यांच्यासोबत कोणी नव्हतं.

“साहेब, तुम्ही आपल्यातले का?”

“वसईचा.”

“मग तुम्हाला कळेल,” त्या म्हणाल्या. मला कळलं नव्हतं, पण मी हो म्हणालो.

“सगळं बघून झालं. त्या कबरी पायऱ्या चढून बघितल्या. घळीतल्या गार पाण्यातून चालले, तिथे रबरी चपला भाड्याने मिळतात. प्रत्येक ठिकाणी भात ठेवते आणि म्हणते, बघा, हे बघितलं. कावळे येतात हो. इथले आपल्या गावाकडच्यासारखे राखाडी आहेत. सिडनीतले ते ठार काळे, पांढऱ्या डोळ्यांचे, त्यांना काय समजणार? पण हेही बघतात आणि उडून जातात. आता एकच राहिलंय.”

“काय?”

“डोंगरावरून त्या पॅराशूटने उडायचं. उद्याचं ठरलंय. हॉटेलातल्या मुलीने बुकिंग करून दिलं. मुलाला सांगू नका, तो पहिल्या विमानाने येऊन मला घेऊन जाईल.”

कायदा सरळ होता. सज्ञान व्यक्ती, स्वतःच्या मर्जीने गेलेली, सुखरूप. तिने नको म्हटलं तर ठिकाण सांगता येत नाही. मी बाहेर आलो. मुलगा बाकावरून उठला.

“आई सुखरूप आहे. मी स्वतः बोललो. कुठे आहे ते सांगता येणार नाही.”

“तुम्ही मराठी असून?”

त्याच्या आईला रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, गुडघे दुखत होते, आणि ती उद्या डोंगराच्या माथ्यावरून उडी मारणार होती. हे सगळं मला माहीत होतं आणि तिच्या मुलाला नव्हतं. काही झालं असतं तर मी त्याला काय तोंड दाखवणार होतो? दुसऱ्या दिवशीची शिफ्ट मी फोनकडे बघत काढली. भाऊंनी शेवटी एक फोटो पाठवला. पट्ट्यांनी बांधलेल्या काकू, डोळे गच्च मिटलेले, मागे हसणारा पायलट, आणि स्पोर्ट्स शूजखाली खोल निळं पाणी. मी उठून पाणी प्यालो.

परत आल्यावर काकू मुलाला घेऊन पोलीस स्टेशनवर आल्या. सहकारीने पहिलाच प्रश्न विचारला, “Did the bird eat it?” काकू मराठीत सांगत गेल्या, मी भाषांतर करत गेलो.

“किनाऱ्यावर उतरले. भात ठेवला. कावळा आला, बघितलं आणि गेला. मला रागच आला. म्हटलं, तुमच्यासाठी उडाले, आता अजून काय राहिलं? संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. मग भूक लागली. उठता उठता म्हटलं, मी जेवायला जाते. हॉटेल मला सापडतं, बसचं तिकीट काढता येतं. तुम्ही माझी वाट बघत बसू नका. तेवढं म्हटलं आणि त्याने झडप घालून घास नेला.”

मुलगा जमिनीकडे बघत होता. काकूंनी पर्समधून ट्रेनचं कार्ड काढून मला दाखवलं. “आज गाडी नाही आणली. ट्रेनने आलो. मी आणलं याला.”

कावळ्याला काय कळलं, मला सांगता येणार नाही. दिवसभर ठेवलेला भात, त्यालाही भूक लागली असेल. चर्चमध्ये फादरना विचारलं तर ते हसले आणि मलाच म्हणाले, तुला काय वाटतं? एवढंच कळलं की हरवलेल्या बाईबद्दल आम्ही दर वेळी विचारतो, तिला कोणी नेलं. ती स्वतः निघाली असेल, हे आमच्या डोक्यात फार उशिरा येतं. आणि जाणाऱ्या माणसाचा जीव कशात अडकतो, ते त्याच्या बोलण्यावरून ओळखता येतंच असं नाही. तो तुर्कस्तान म्हणतो, आपण तिकीट काढतो.

माझ्या बायकोकडे लायसन्स आहे, पण आजवर गाडी कायम मीच चालवली. त्या रविवारी चर्चला निघताना मी किल्ली तिच्या हातात दिली. तिने किल्लीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“का रे,” ती म्हणाली, “कुठे निघालास की काय?”