खुंटीवरची टोपली

चैत्रातल्या सकाळी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातल्या आमच्या घराची मागची खिडकी उघडली की आधी वास येतो आणि मग उजेड. मागं सगळे प्लॉट पडलेत, पण त्या दगडी खुणांच्या मधोमध कुणाच्या तरी कृपेनं मोहाचं एक झाड अजून उभं आहे. रात्रभर त्याची फुलं टपटप गळत असतात. वास गोड, जड, थोडासा आंबूस. नवख्याला मळमळावं असा. या वासानं इतरांना म्हणे बालपण आठवतं. मला मात्र भीती वाटते. मी तशी जन्माचीच भित्री, पालीलासुद्धा आधी वाट देणारी. पण ही भीती त्यातली नव्हे. वास आला की मी डोळे चोळत स्वयंपाकघरात जाते आणि पहिल्यांदा खुंटीकडे पाहते. तिथं बांबूची एक जुनी टोपली टांगलेली असते. हल्ली तिच्यात कांदे असतात. ती दिसली की मगच मी चहाचं आधण ठेवते.

तिरोड्याकडचं आमचं गाव जंगलाला अगदी खेटून होतं. मोह गळायला लागला की गावात सुट्टी हा शब्दच उरत नसे. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन आधीच साफ करून ठेवलेली असायची, आणि तांबडं फुटायच्या आत घरोघरच्या बाया आपापल्या झाडाखाली वाकलेल्या असायच्या. आईला रिकामी बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. बसली तरी हाताशी काहीतरी असे, निवडायचे तांदूळ नाहीतर उसवलेली चोळी. फक्त एक गोष्ट होती. त्या वर्षांत गोंदियाजवळच्या बिरसीच्या विमानशाळेचं एखादं पिटुकलं विमान आमच्या जंगलावरून घरघरत जाई. तेव्हा आई वेचता वेचता कंबर सरळ करी आणि ते झाडांमागं दिसेनासं होईपर्यंत वर पाहत राही. मला वाटे, बिचारीची कंबर दुखते.

मी आठवीत असेन. शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचताना वाघानं नेली. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या कोतवालानं दवंडी दिली, की उद्या कुणीही जंगलात पाय ठेवायचा नाही. भीतीनं साऱ्या गावाची बोबडी वळली होती, हे खरंच. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या आड एक चोरटा आनंदही होता. ऐन मोहाच्या दिवसांत अख्खा दिवस मोकळा! आमच्या ओट्यावर गप्पा रंगल्या. बाबा म्हणाले, "मी तं झोपतो. उद्या मले कोणी उठवाचं नाही." शेजारची काकू तिरोड्याला जाऊन बांगड्या भरणार होती. मी दिवसभर टीव्ही पाहणार होते. मग काकूनं आईला विचारलं, "अन् तू वो?" आई हसली. "दिवस तं निघू दे," एवढंच म्हणाली आणि चूल विझवायला आत गेली.

दिवस निघाला आणि आई घरात नव्हती. आधी वाटलं विहिरीवर असेल, मग वाटलं काकूकडे असेल. तेवढ्यात माझी नजर मोहाची टोपली टांगायच्या खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती. मी बाबांना हलवून उठवलं आणि खुंटीकडे बोट दाखवलं. बाबांनी खुंटी पाहिली आणि उभ्या उभ्या त्यांचा चेहरा उतरला. "मोहालेच गेली," ते म्हणाले, "फूल वाया जाऊ देनारी नाही ते." कुणालाच दुसरं काही सुचलं नाही. टोपली घेऊन बाई आणखी जाणार कुठं?

गावातले गडी काठ्या, कुऱ्हाडी आणि बडवायला रिकामे डबे घेऊन जंगलात शिरले. मला बायांनी शिवेवरच धरून ठेवलं. डब्यांचा आवाज दूर दूर जात राहिला, मग थांबला. मधूनच वानरांची खाकर ऐकू आली. वाघ दिसला की वानरं तशी ओरडतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकूनं माझे कान आपल्या हातांनी झाकले, पण तिच्या बोटांच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं. दुपारी बाबा परत आले. म्हणाले, आमच्या झाडाखाली फुलांचा सडा जसाच्या तसा पडलेला होता, एकही फूल वेचलेलं नव्हतं. एक म्हातारबाबा धीर देत म्हणाले, "मंजे ते गेलीच नाही तिकडं." मागून कुणीतरी हळूच पुटपुटलं, "का पोचलीच नाही?"

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. गडी पुन्हा जंगलात गेले. आमच्या दारात बाया मांडीवर हात ठेवून बसल्या. कुणाची चूल पेटली नाही, कुणी बांगड्या भरायला गेलं नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्यापुढं मी बसून राहिले. काय मागायचं तेही कळेना, नुसतं आई, आई, आई म्हणत होते. मोहाचा वास घरात भरला होता. मला वाटत होतं, हा वास आला नसता तर आई घरी असती.

दिवस कलला आणि आई आली. जंगलाकडून नव्हे, सडकेकडून. कमरेवर टोपली, टोपली रिकामी, पायांवर धूळ, आणि चेहरा असा उजळलेला की मी तिला क्षणभर ओळखलंच नाही. दारातली गर्दी पाहून ती घाबरली. "का झालं? कोन गेलं?" तिनं विचारलं. बाबा पुढं झाले, त्यांनी हात उगारला. तो हात तसाच वर राहिला, मग त्यांनी तो आपल्याच कपाळावर मारून घेतला आणि मटकन खाली बसून हमसाहमशी रडायला लागले. बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. वाघापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बिरसीले गेली होती," आई म्हणाली. "इमान कुठं उतरते ते पाहाले."

"सांगून काऊन नाही गेली?" बाबांनी रडतच विचारलं.

"सांगतली असती तं जाऊ देल्ला असता का?"

बाबांनी शेल्यानं तोंड पुसलं.

"अन् टोपली कायले नेली?" काकू कडाडली.

"रिकाम्या हातानं बाई निघाली तं सडकेवर दहा जन पुसतेत, कुठं चालली. टोपली असली तं कोनी पुसत नाही." मग गावाला काय वाटलं ते तिला एकदम उमगलं आणि तिचा आवाज खाली गेला. "दवंडी तं जंगलाची होती ना. मी तं सडकेनं गेली."

रात्री मी तिच्या कुशीत शिरले आणि तिचा पदर मनगटाला गुंडाळून घेतला. तेव्हा तिनं हळू आवाजात मला सगळं सांगितलं. काळीपिवळीनं गोंदिया, तिथून गाडी बदलून बिरसी. तारेच्या कुंपणाबाहेर पळसाखाली ती दिवसभर नुसती बसली होती, हात मांडीवर ठेवून. विमान खाली येई, चाकं जमिनीला लागत, आणि न थांबता ते पुन्हा उडे. "थांबतच नाही?" मी विचारलं. "शिकून राहिले ना पोट्टे," ती म्हणाली, "टेकले का उडले, टेकले का उडले." अंधारात ती हसत होती. मी मात्र पदर आणखी आवळला.

तो पदर मी पुढं कितीतरी महिने सोडला नाही. ती उठली की मी उठायची. ती दाराबाहेर पडली की अनवाणी तिच्या मागं धावायची, रस्त्यात भोकाड पसरायची. मग ती सांगून जायला लागली. विहिरीवर चालली, विहारात चालली, इथंच परसात चालली. बिरसीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. वाघ काही दिवसांनी दूर निघून गेला, गाव दवंडी विसरलं, मोह पुन्हा वेचला जाऊ लागला. माझी भीती तेवढी घरात राहिली.

बाबा गेल्यावर मी तिला तिच्या टोपलीसकट इथं कुडव्याला घेऊन आले. आता तिला दिवसच्या दिवस मोकळे असतात. मी नोकरीवरून दोनदा फोन करते, ती दोन्ही वेळा पहिल्याच घंटीला उचलते. बिरसी इथून स्कुटीनं अर्ध्या तासावर आहे. मी कितीदा म्हटलं, चल, जाऊन येऊ. ती म्हणते, "पायलं ना एकदा." मला कळतं. माझ्यासोबत, मला सांगून, माझ्या मागं बसून गेलं तर तो दिवस काही तिचा नसणार.

आज रविवार. चहा घेऊन आम्ही गच्चीवर बसलो होतो. मोहाचा वास होताच, आणि बिरसीकडून घरघर आली. आईनं मान वर केली. विमान लहान होत होत ठिपका झालं, तरी ती पाहत राहिली. मी विमानाकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. ते तिच्या लक्षात आलं. तिनं मान खाली घेतली, माझ्या मनगटावर हात ठेवला आणि लहान लेकराची समजूत घालावी तशी म्हणाली, "इथंच आहो ना मी."