साइनी डाय

“हे काय टाइप केलंय, मिस पगारे?” साहेबांनी पत्र माझ्यासमोर धरलं. केबिनमध्ये मुंबईचे दोन पाहुणे बसले होते. साहेबांनी ती ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तिघेही हसले.

साहेबांनी डिक्टेशनमध्ये ‘इन ल्यू ऑफ’ म्हटलं होतं, म्हणजे ‘च्या ऐवजी’. ल्यू हा मूळचा फ्रेंच शब्द, स्पेलिंग एल-आय-ई-यू. मी एल-ओ-ओ टाइप केलं होतं. त्याचा अर्थ संडास.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सातपूरला विजेचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टेनो होते. शॉर्टहँडमध्ये शब्द स्पेलिंगने नाही, आवाजाने लिहितात. ऐकलं त्याची खूण करायची आणि नंतर मशीनवर ते उतरवायचं. माझा स्पीड चांगला होता, पण मी मराठी शाळेतली. जो शब्द कधी पाहिलाच नाही, त्याचं स्पेलिंग आणायचं कुठून? डिक्शनरीत शोधायचं तरी आधी स्पेलिंग लागतं.

खरं तर मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचं होतं. वडील, म्हणजे आमचे दादा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी त्यांची नजर अधू झाली आणि नोकरी सुटली. मी कॉलेजऐवजी टायपिंग क्लासला गेले. कारखान्याची बस रोज कॉलेजवरून जायची. वह्या छातीशी धरून आत जाणाऱ्या मुली दिसेनाशा होईपर्यंत मी मान वळवून बघायचे.

त्या हसण्यानंतर मी दर रविवारी नाशिकरोडच्या घरून नाशिक गावात वाचनालयात जाऊ लागले. डिक्शनरी घरी नेता येत नसे. मी ‘ए’पासून सुरुवात केली. ग्रंथपाल म्हणाले, “ताई, डिक्शनरी काय कादंबरीसारखी वाचतात का?”

“मला दुसरा मार्ग माहीत नाही, सर.”

वहीत डावीकडे शॉर्टहँडची खूण, उजवीकडे स्पेलिंग आणि अर्थ. रांदेव्हू, बोना फायडी, व्हीज-अ-व्ही, असे बाहेरून इंग्रजीत आलेले शब्द. शब्द कुठून आला तेही तिथे दिलेलं असायचं. एका रविवारी ‘लूट’ सापडला. आपलाच शब्द इंग्रजीत इतक्या आरामात बसलेला पाहून मला त्याचा हेवा वाटला.

दीड वर्षाने एक पत्र आलं. एका साखर कारखान्याला आमचे पॅनल हवे होते आणि त्यांचा हंगाम तोंडावर होता. आमच्याकडे एक पार्ट उशिरा येणार होता. साहेब उत्तर सांगू लागले, “डिस्पॅच स्टँड्स पोस्टपोन्ड साइनी डाय.”

माझी पेन्सिल थांबली.

“सर, किती दिवस उशीर होणार आहे?”

“दहा. का?”

“साइनी डाय म्हणजे पुढची तारीख न ठरवता. लॅटिन आहे. ते समजतील, आपण पाठवणारच नाही. ऑर्डर कॅन्सल करतील.”

“असेंब्लीच्या बातमीत रोज वाचतो मी हा शब्द!”

“तिथेही तोच अर्थ आहे, सर.”

साहेब लाल झाले. मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाय टेन डेज लिहा.”

ऑर्डर टिकली. पॅनल अकराव्या दिवशी रवाना झाले. साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण मला कुणासमोर हसलेही नाहीत.

घरी दादांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे तुला साहेबापेक्षा जास्त येतं?”

“एकच शब्द जास्त, दादा.”

त्यांनी माझी वही डोळ्यांजवळ धरून एक पान पाहिलं. मग म्हणाले, “सुमे, कॉलेजला गेली असतीस तर...”

पुढच्या वर्षी साहेबांना सेक्रेटरी हवी होती. मीही अर्ज केला. जागा देवळालीच्या कॉन्व्हेंटमधल्या एका मुलीला मिळाली. ती स्पेलिंग मला विचारायची, पण फोनवर न अडखळता इंग्रजी बोलायची. मला लिहिताना सगळं सुचायचं, बोलताना वाक्य अर्ध्यातच अडकायचं.

वही भरून शब्द शिकता येतात. बोलायला मात्र समोर कुणीतरी बोलणारं लागतं. ते वाचनालयात मिळत नाही.