गमरे बाईंचा फळा

कळव्याला आमच्या सोसायटीत शालन गमरे बाई राहतात. निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर खडूने दिनविशेष लिहितात. वाचतंय कोण? आम्ही फळ्याकडे बघतो ते पाण्याच्या सूचनेसाठी.

गेल्या वर्षी सोळा एप्रिलला बाईंचं डोकं फिरलं. ‘१८५३ : बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू’ याच्याखाली त्यांनी मुद्दाम खोटंच लिहिलं, ‘आज दुपारी पाणी नाही.’ फळा सगळ्यांनी वाचला. घरोघरी बादल्या, पिंपं, पातेली भरली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा भरली. अकरालाच टाकी खडखडीत. तेव्हा बाईंच्याच डोक्याला शाम्पू होता.

यंदा त्यांनी रेल्वेखाली प्रामाणिकपणे लिहिलं, ‘गेल्या वर्षी : सोसायटीची टाकी रिकामी.’

लोकांनी ‘टाकी रिकामी’ एवढंच वाचलं आणि बादल्या भरायला धावले.