इराचा बारावा आवाज

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. भुताच्या गोष्टी वर्गात हौसेने वाचून दाखवल्या आणि घंटा झाली की पुस्तक मिटून विसरले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण इरा आणि ओम, माझ्या नातवंडांनो, तुम्ही दोघं तिकडे कॅनडात वाढताय, आणि घडलं त्यातलं अर्धंच इराला माहीत आहे.

जागा : भिलाई, पावर हाउस स्टेशनपासून ऑटोने दहा मिनिटांवरची आमची कॉलनी. वेळ : मागच्या वर्षीचा तान्हा पोळा, संध्याकाळचे साडेपाच, लख्ख उजेड. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली मुलं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत तोरणाखालून नेतात. सगळ्यांत छान बैलाला बक्षीस. विदर्भातून पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीसाठी आलेल्या घरांनी ही चाल टिकवली आहे.

अकरा वर्षांच्या इराला भाग घ्यायचा होता, पण तिकडून बैल ओढणार कसा? तिने वेगळंच काढलं. मोबाइलवर सगळीकडे फिरणारे ते मीमचे आवाज असतात ना — फजिती झाली की वाजणारं रडकं पिपाणं, छातीत बसणारं ‘धुम्म’ — त्यांना तिने पोळ्याचा साज चढवला. ‘धुम्म’ झालं की घुंगरमाळा. पिपाण्याच्या शेवटी हंबरणं. एका आवाजासाठी तिने मला फोनसमोर बेसनाची कुरकुरीत ठेठरी चावायला लावली, तीही तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा मी सवयीने तोंड मिटून चावली. अकरा मुलांची नावं आली होती, म्हणून अकरा आवाज.

कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या कुंदाला ते पटेना. “मावशी, सारे पोट्टे बैल घेऊन येऊन राहिले, अन् तुमची इरा नुसता आवाज पाठवून राहिली. तिले स्पर्धेत कावून घ्यायचं?”

“तिले इथली व्हायचं हाये, म्हणून,” मी म्हटलं.

कुंदाने नाव लिहिलं. बैलाच्या रकान्यात ‘आवाज’.

टॅबवर व्हिडिओ कॉलवर इरा. तिकडे सकाळचे आठ, केस अजून ओले. माझा फोन स्पीकरला जोडलेला. एकेक बैल निघाला की मी एक आवाज लावायची आणि वहीतल्या यादीत टिक करायची. मुलं हसून लोळत होती. “दादी, एक बार और!” अकरावी टिक झाली, मी फोन टेबलावर उपडा ठेवला.

तेवढ्यात उशिरा आलेली एक छोटी मुलगी दोरी ओढत पोचली. बारावा बैल, यादीत नसलेला. तोरणाखाली त्याचं चाक खड्ड्यात अडलं आणि ती रडायच्या बेताला आली.

स्पीकरमधून जिभेचे दोन ‘टॉक’ आले. मग खालच्या पट्टीत, लांबवलेलं — “होऽऽ राजा... चाल...” — आणि शेवटी घसा खाकरल्याचा आवाज. मुलीने दोरी ओढली. चाक निघालं.

इरा, तो तुझ्या आजोबांचा आवाज होता. प्लांटच्या मिलमधल्या धुरळ्याने त्यांचा घसा कायम तसा असे. तुझ्या बाबांचा लहानपणी बैल अडला की ते त्याला असंच हाकत. तुझ्या जन्माआधी दोन वर्षं ते गेले. त्यांचा आवाज कशातच भरून ठेवलेला नाही; लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा हार घालून नुसते उभे आहेत. या कॉलनीत मी ते गेल्यावर आले, इथे कोणी त्यांना ऐकलेलं नाही.

टाळ्या पडल्या. कुंदा टॅबसमोर वाकली. “शेवटचा तं एकदम अस्सल होता बेटा. पहिला नंबर तुलेच.”

दोन महिने इरा ज्यासाठी राबत होती ते समोर होतं. नुसतं थँक्यू म्हणायचं होतं.

“काकू, तो माझा नाही,” ती म्हणाली. “मी अकराच केले. बारावा कोणी केला, मला माहीत नाही. त्याच्यासाठी मला नंबर नको.”

नंबर त्या छोट्या मुलीला गेला. इरा कॉल बंद करून शाळेत गेली.

मी नंतर सगळं तपासलं. फोनमध्ये अकराच फाइली. स्पीकर दुसऱ्या कोणाच्या फोनला जोडला गेला होता का, तेही घरोघर विचारून आले. तुमच्या बाबांना फोन केला, तर ते म्हणाले, आई, बाबा बैल असा हाकायचे हे तर मीच विसरलो होतो.

इरा त्या दिवशी ‘हो, माझाच’ म्हणाली असती, तर माझं समाधान झालं असतं. बाबांनी कधीतरी करून दाखवलं, पोरीने नक्कल उतरवली, असं मी मानलं असतं आणि हे पान लिहिलंच नसतं. तिच्या एका ‘नाही’ने माझ्याजवळ कुठलंच उत्तर ठेवलं नाही. उत्तर नसणं मला आजही आवडत नाही. तरी इथे कोणी विचारलं की मी मान ताठ करून सांगते — माझ्या नातीने अकरा आवाज केले आणि बाराव्यावर आपलं नाव लावू दिलं नाही.

तो कोणाचा होता, ते आज तिला सांगितलं. आला कुठून, ते मला सांगता येत नाही.