संदेष्ट्यांचं रजिस्टर

“तारीख सांगा की, पावणं.”

एवढं म्हणून मामा कानामागचं पेन काढायचे, मांडीवरची लांबडी वही उघडायचे आणि हातकणंगल्याची गाडी किती वाजता आहे, एवढीच चौकशी असल्यासारखे समोर बघायचे. समोर असायचा बाहेरगावचा कुणीतरी संदेष्टा, म्हणजे देवाच्या नावानं पुढचं सांगणारा. घामाघूम, डोळे मिटलेले, दोन्ही हात वर.

मामा माझे नात्याने कुणी नव्हते. चर्चमधल्या सगळ्यांचेच ते मामा. उभी हयात कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. कुठली गाडी कधी येणार आणि कधी आली, हे रजिस्टरात मांडायचं आणि भोंग्यावर सांगायचं. गाडी फलाटाला लागल्याशिवाय ती ‘आली’ म्हणून लिहायची नाही आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, हे दोन नियम. रिटायर झाल्यावर रविवारची घंटा वाजवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं आणि नियम तिथंही आणले. तसलंच रजिस्टर, हातानं आखलेले रकाने: कोण बोललं, काय बोललं, येणार कधी, आलं कधी, शेरा.

“बायबलात मोशेनंच सांगिटलंय,” म्हणायचे. “देवाच्या नावानं बोललेलं घडलं न्हाय, तर ते देवाचं न्हवं. त्या माणसाला भ्यायचं न्हाय. मग लिवून ठेवाय नको?”

एकदा एका पाहुण्यानं माईकवरून गर्जना केली, “या कोल्हापुरावर आशीर्वादाचा पाऊस पडणार आहे!”

“जुलैत का?” मामांनी विचारलं. “जुलैतलं आमची म्हस बी सांगती. लिवू काय?”

सगळं चर्च हसलं. मी सोडून. मी तेव्हा चाळिशीची, शाळेत विज्ञान शिकवणारी आणि, तुम्हाला म्हणून सांगते, भयंकर आध्यात्मिक बाई होते. सकाळी कडक उपास धरायचे. दुपारी शेजारून तांबड्या रश्श्याचा वास आला की उपास सोडावा अशी प्रेरणा मला व्हायची. संदेष्ट्यानं बायकांच्या कपाळाला हात लावला की आत्मा उतरला म्हणून त्या धाडकन मागं पडायच्या. मीही पडायचे. फक्त मागं जाजम अंथरलंय ना, एवढं आधी बघून घ्यायचे.

त्याच वर्षी नवे संदेष्टे आले. पांढरा सूट, लोण्यासारखा आवाज. आमच्या ह्यांची बदली झाली होती थेट विदर्भात. संदेष्टे म्हणाले, “आठ दिवसांत रद्द.” मामांनी तारीख लिहून घेतली. आणि सातव्या दिवशी बदली रद्द झाली!

मी पेढ्यांचा पुडा घेऊन मामांच्या दारात. “लिहा आता. लागली गाडी फलाटाला.”

मामांनी चष्मा चढवला, किती वाजता कळलं ते विचारलं, ‘आली’ असं लिहिलं. पेढाही खाल्ला. शेऱ्याचा रकाना मात्र कोराच.

“आणि शेरा?”

“दम धरा की, बाई.”

पुढच्याच रविवारी संदेष्ट्यांची नजर माझ्या लेकीवर पडली. ती बारावी झालेली, मिरजेला नर्सिंगला नंबर लागलेला, ट्रंक भरून तयार. ते म्हणाले, “ही नर्स होणार नाही. ही माझ्या प्रार्थनाघरात सेवा करील. प्रवेश रद्द करा. आणि यापुढं मला विचारल्याशिवाय घरात काही ठरवू नका. माझ्यावर शंका म्हणजे देवावर शंका.”

घरी आल्यावर लेक ट्रंकेवर बसून रडली. ह्यांनी पेपरात डोकं घातलं. आणि मी, विज्ञानाची बाई, बदली थांबवणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं या धास्तीनं, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

पोस्टाच्या वाटेवर चर्च. मामा घंटेचा दोर बदलत होते.

“कुठं चाललाय, बाई?”

मी सांगितलं. मामांनी दोर खाली ठेवला.

“तुमाला हुपरीला जायचंय. गाडी आली, अगदी टायमात आली. बसाल?”

“बसेन की.”

“पाटी न बघता?”

मी हातातल्या अर्जाकडं बघितलं.

“टायमात आली म्हंजे आपलीच गाडी, असं न्हाय. पाटी बघा की. देवाकडं चाललीया, का ह्या पावण्याच्या घराकडं? मोशेनं ते बी सांगिटलंय. खूण खरी ठरली तरी देवापासनं बाजूला न्हेणाऱ्याचं ऐकायचं न्हाय. आन् प्रभूनं फळावरनं झाड वळखाय सांगिटलंय. पोरगी रडतीया. ह्ये फळ व्हय?”

“पण मामा, त्यांनी शाप दिला तर?”

“मग अर्ज हिकडं द्या. शाप माझ्या नावावर घेतो. मला काय, बीपीची गोळी चालूच हाय.”

अर्जाची घडी रजिस्टरात गेली आणि लेक मिरजेला. शाप कुणालाच लागला नाही. संदेष्ट्यांनीच महिनाभरात गाव बदललं. शेऱ्याच्या रकान्यात मामांनी लिहिलं: “टायमात आली. पाटी दुसरी.”

लेकीला गाडीत बसवायला मामा स्वतः स्टँडवर आले होते. खिडकीतून तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी देत म्हणाले, “जा. पहिल्या दणक्यात पास हुतीस बघ.”

पहिल्या वर्षी ती एका विषयात नापास झाली. सहा महिन्यांनी सुटला तो विषय. आज ती वॉर्डाची इनचार्ज सिस्टर आहे, आणि तिची दोन कार्टी मला आजी म्हणून छळतात.

मामा गेल्या वर्षी गेले. घंटा आता बटण दाबलं की वाजते. वेळेवर वाजते, पण तिला कुणाची वाट बघायची नसते. मामांची सून रजिस्टर घेऊन आली. “बाईंकडं द्या म्हणालते,” म्हणाली.

मी एका बैठकीत वाचलं. मधोमध माझा तो अर्ज, समासासकट. आणि चार पानं पुढं, साऱ्या संदेष्ट्यांच्या रांगेत, एक नोंद:

कोण बोललं: मी स्वतः. काय बोललं: बाईंची पोरगी पहिल्या दणक्यात पास. आलं कधी: न्हाय आलं. शेरा: तोंड आवरावं.

हसता हसता माझा चष्मा ओला झाला. सुटला की हो विषय मागाहून, असं ‘न्हाय आलं’ खोडून तिथंच लिहावं म्हणून पेन उघडलंसुद्धा. पण खोडायचं नाही हा नियम आठवला. मग खालच्या रिकाम्या ओळीत लिहिलं:

कोण बोललं: प्रभू. काय बोललं: मामा परत भेटणार. येणार कधी: कळवलेलं नाही.

‘आलं कधी’ हा रकाना कोरा ठेवलाय. पाटी तेवढी बघून घेतली आहे.